लाल पट्टीच्या आधी मी

मी एक निळी पट्टी बोलतेय. बहारीनमधल्या सनाबिसच्या फ्लॅटमध्ये नीलाताईंनी जुन्या ओढणीतून मला फाडलं आणि लेकीच्या, आर्याच्या, कपाळावर बांधलं. शाळेचं नाटक होतं: दूरच्या उरुग्वे देशातल्या यादवीतली लढाई. एका सैन्याच्या पट्ट्या पांढऱ्या, दुसऱ्याच्या निळ्या. आर्या आमची सेनापती. तिची जिवलग मैत्रीण अस्मा पांढऱ्यांची.

तालमी उघड्या मैदानात. तिथल्या उन्हाने माझा रंग पार उडवला. एकदा आर्या चाल करून गेली, तर पांढऱ्यांनी तिला आपलीच समजून वाट करून दिली!

अश्विनी मिस हसल्या. "खऱ्या सैनिकांचंही असंच झालं म्हणतात. निळा उडाला, मग त्यांनी लाल घेतला. त्या लाल-पांढऱ्यातूनच पुढे दोन पक्ष झाले, अजून आहेत."

झालं! नीलाताईंनी नवऱ्याच्या कोटाचं लाल अस्तर फाडलं. ती लाल बया माझ्या जागी बसली आणि मी गॅलरीत, कढीपत्त्याच्या रोपाला आधार म्हणून. माझा नुसता जळफळाट झाला.

नाटकात जिंकायचं पांढऱ्यांनीच होतं. पण अस्माने असं ढकललं, की आर्याचा ओठ फुटला.

"You did it on purpose!"

"मुद्दाम नाय केलं!"

दोघींचं बोलणं खलास. वर्गात दोन तट पडले. मॉनिटरच्या निवडणुकीला लाल आणि पांढरे समोरासमोर उभे राहिले. लाल पट्टी आर्याच्या दप्तरावर मिरवू लागली. मला भांडणाचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की त्या भांडणाची निशाणी तरी मी असायला हवी होते.

मग एका संध्याकाळी अस्माचे वडील कमाल तिला घेऊन आले. "भाभी, नोकरी सुटली. उद्या रत्नागिरीला निघतो. पोरगी आर्याला भेटल्याबिगर जायला तयार नाय."

दोघी गॅलरीत आल्या. अस्माने आपली पांढरी पट्टी पुढे केली. "सॉरी. खरं सांगू? ढकललं मुद्दामच. लोक टाळ्या वाजवत होते, मला बरं वाटलं."

आर्या आत गेली आणि दप्तराची लाल पट्टी सोडून तिच्या हातात ठेवली. समेटालासुद्धा लालच!

खाली गाडी सुरू झाली. आर्याने कठड्यावरून हात हलवला. मग डोळे भरून आले तशी हाताला लागेल ते ओढलं, आणि ती मी होते. माझ्यात तोंड खुपसून ती हुंदके देत राहिली.

लाल पट्टी आता रत्नागिरीत कुठेतरी मिरवत असेल. कुणी तिकडे गेलात, तर हे तिला सांगू नका.

नाही, सांगाच.