दंड उतरला, कंबर चढली

डॉक्टरीणबाईंनी आमच्या घराण्याची फांद्याफांद्यांची आकृती काढली होती. बायकांचे गोल मात्र रिकामेच. आजी, थोरली मावशी, आई, तिघीही "पोटानं" गेल्या.

"पोटानं म्हणजे कशानं? अंडाशयाच्या कॅन्सरची शंका दिसली, तरच तुमची जनुकं तपासायला पाठवता येतील."

कागद एकही नव्हता. आई गेली तेव्हा ती चाळीसची होती, मी आता सदतीसची.

सोबत आलेल्या धाकट्या मावशीनं पिशवीतून तीन जुन्या वह्या काढल्या. चाळीस वर्षं तिनं बायकांचे कपडे शिवले. टेपमावशीच म्हणतात तिला.

"मावशी, इथं काय ड्रेस बेतायचाय?"

"तू गप गं. तोंड तेवढं आहे तुला!"

तिनं आईचं पान उघडलं. मार्च : दंड अकरा, कंबर तीस. जून : दंड दहा, कंबर तेहतीस. ऑगस्ट : दंड साडेआठ, कंबर अडतीस.

"डॉक्टर, अंगानं भरलेली बाई दंडालाही भरते. हिचा दंड उतरला अन् कंबर चढली. थोरलीचं तेच, आमच्या आईचंही. मी मेली थट्टा करायची, चोरून खातेस का गं म्हणून."

डॉक्टरीणबाई बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "पोटात पाणी साठत होतं. पुरावा नाही म्हणता येणार, पण शंकेला एवढं पुरे." त्यांनी पेन्सिलीनं तिन्ही गोल भरले. "मावशी, एवढं नीट मला कुठल्या फायलीत मिळालं नाही."

मावशीनं नजर खाली घालून पदर सावरला. मान मात्र ताठच.

महिन्यानं अहवाल आला. डीएनएचा धागा पेशीत रोज तुटतो, रोज सांधला जातो. सांधणाऱ्या एका जनुकाची बिघडलेली प्रत मला आईकडून आली होती. कॅन्सर नव्हता, धोका मोठा होता.

"म्हणजे रफूवालीच कामचुकार!" मावशी म्हणाली.

मला दोन मुलं आहेत, आणखी नको होती. अंडाशय आणि गर्भनलिका काढून घेतल्या. आत कुठं काही सापडलं नाही.

तीन महिन्यांनी मावशीनं मला आरशासमोर उभं केलं. "दंड अकरा. कंबर एकतीस." पुन्हा मोजलं. तेच. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

"वह्या दवाखान्यात ठेवायला मागितल्यात डॉक्टरीणबाईंनी," मी म्हटलं.

"झेरॉक्स घ्या म्हणावं. वह्या माझ्या." तिनं पुढचं कोरं पान उघडून माझ्या लेकीचं नाव घातलं. "ये गं, सरळ उभी राहा."