स्क्रब

साबण बोटांच्या बेचक्यात गेला आणि सिस्टरने दात आवळले. ऑपरेशनआधी नखांपासून कोपरांपर्यंत हात पाच मिनिटं घासायचे, हे ती एकोणीस वर्षं करत आली होती. आज दुसऱ्याच मिनिटाला खालचं पाणी गुलाबी झालं.

या घासण्याला दवाखान्यात सगळे स्क्रब म्हणतात, आणि टेबलाशी उभी राहून डॉक्टरांना हत्यारं देणारी ती स्क्रब सिस्टर. तिची आई याच इमारतीत फरश्या घासायची, तेव्हा त्यालाही स्क्रबच म्हणत. त्यामुळे 'मुलीला स्क्रबला घेतलंय' हे कानावर आलं तेव्हा बिचारी दोन दिवस धड जेवली नाही. "एवढं शिकवलं ते फरशीसाठी?" म्हणाली. खरा अर्थ कळल्यावर पोट धरून हसली आणि वर म्हणाली, "म्हणजे घासणं काही आपल्या घराला सुटलं नाही."

गेल्या वर्षापासून सिस्टरच्या हातांची सालं निघत होती. मलमं झाली, साबण बदलून झाले, पण ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर टेबलापासून उठवून तिला रजिस्टरं लिहायला बसवलं असतं. एरवी चारचौघांत तिला धड बोलता यायचं नाही, पण टेबलाशी डॉक्टरांनी मागायच्या आत तिचा हात पुढे झालेला असे. तेवढी एकच जागा तिची होती.

सकाळी चहाचा कप देताना आईने तिचं मनगट धरलं होतं. बोटांमधली चीर उघडी पडली होती.

"हे घेऊन उभी राहणार तू?"

"वरून ग्लोव्ह्ज असतात की, आई."

"माझ्या हाताला फोड आले होते तेव्हा मी ब्रश दुसरीला दिला होता. फरशीला काय होणार होतं, सांग. तुझ्यापुढे तर माणूस असतं."

ती चिडून चहा तसाच टाकून निघाली होती.

शेजारच्या नळावर मोठे डॉक्टर आले. "आतड्याचं आहे, सिस्टर, वेळ खाणार. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे."

काचेपलीकडे टेबलावरची बाई छताकडे बघत पडली होती. मघाशी तिने सिस्टरचा हात घट्ट धरला होता. "किती खरखरीत हो, अगदी माझ्यासारखाच," असं म्हणून ती जरा हसलीही होती.

सिस्टरने नळ बंद केला.

"सर, आज नको."

"म्हणजे काय? केस स्क्रब करायची?" डॉक्टर परदेशात शिकलेले, रद्द करण्यालाही ते स्क्रबच म्हणायचे.

"केस नाही, सर. मला करा."

तिने हात उलटसुलट करून दाखवले. डॉक्टरांनी आपला ब्रश खाली ठेवला.

"कधीपासून?"

"चीर आजची आहे. सालं... वर्ष होत आलं."

"वर्षभर तुम्ही या हातांनी..." पुढचं त्यांनी गिळलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. वर्षभरातले पेशंट तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागले, आणि यातलं कोण पुन्हा ताप घेऊन आलं होतं ते ती आठवू लागली.

"धाकट्या सिस्टरना बोलवा," डॉक्टर म्हणाले.

धाकटी धावत आली आणि भराभर हात घासू लागली. "पाच मिनिटं पुरी कर. घाई करू नकोस," सिस्टरने सांगितलं. तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. धाकटी आत गेली तेव्हा काचेपलीकडच्या बाईने मान वळवून कुणाला तरी शोधलं. सिस्टर काचेपासून बाजूला झाली.

आता मेट्रनबाईंना जाऊन सांगायचं होतं. धुतलेले हात कशाला लागू नयेत म्हणून टेबलाची माणसं दार पाठीने ढकलतात, तसंच तिने ढकललं. दोन्ही हात छातीपुढे वर धरून ती कॉरिडॉरमध्ये आली. ट्रॉली ढकलणारे थांबले, नातेवाइकांनी पाय मागे घेतले, सगळ्यांनी तिला अदबीने वाट करून दिली. एवढ्या माणसांसमोर हात खाली कसे घ्यावेत, ते तिला कळेना.