नाकपंप

थोरलीच्या वडिलांना लोक तोंडावर दादा म्हणत आणि पाठ वळली की नाकपंप. दोन्हींपैकी टिकलं ते पाठीमागचं नाव. नदीकडे जाणाऱ्या माणसाला वाट सांगायची तर "नाकपंपाच्या फाटकावरून डावीकडे" असं सांगत, आणि सांगताना हसत.

पंप तसा साधाच होता. कुरणाच्या वरच्या अंगाला, नदीपासून सत्तर पावलांवर, जमिनीत घट्ट रोवलेलं एक लोखंडी वाडगं. त्याच्या तळाशी चार घोट पाणी, आणि मागच्या बाजूला एक झडप. ते पाणी प्यायला गाईनं तोंड घातलं की झडप नाकाने मागे ढकलली जायची, खट्ट वाजायचं, आणि नळीतून नदीचं आणखी पाणी वाडग्यात यायचं. वीज नको, इंजिन नको. नाक असलं की झालं.

अठरा वर्षांपूर्वी त्यांच्याही गाई सगळ्यांच्या गाईंसारख्या नदीत उतरून पाणी पीत. काठ तुडवून तुडवून त्याची घसरगुंडी झाली होती. एक दिवस चुकलेलं वासरू शोधत दादा खालच्या वळणापर्यंत गेले. तिथे एक बाई बादली भरत होती. वरून शेण तरंगत आलं. बाईने ते हाताने बाजूला सारलं, बादली भरली आणि वर त्यांच्याकडे पाहून ओळखीचं हसली. बस, एवढंच. ती चार शब्द बोलली असती तर भांडता आलं असतं. दादा घरी आले, जेवले नाहीत, आणि आठवडाभरात वर पंप बसवून, काठाला तारेचं कुंपण घालून नदीकडचं फाटक तारेने आवळून टाकलं. ते परत उघडलं नाही.

दादा गेले. धाकट्या भावाला नोकरी सोडता येईना, म्हणून त्याने गाई विकल्या. थोरली पंधरा दिवसांसाठी आली होती, ती राहिली. वाटण्या, सह्या, भेटायला येणारे, सगळं आटोपल्यावर तिने सात नव्या गाई घेतल्या. आणि तिथेच गाडं अडलं. नवी गाय पंप चालवायला जुन्या गाईकडून शिकते. इथे शिकवणारी एकही उरली नव्हती.

पहिल्या दिवशी थोरलीने झडप हाताने ढकलली. एका ढकलीला अर्धा लिटर. सात गाई, त्यात कडक ऊन. संध्याकाळी तिची मनगटं सुजली होती, पण गाई पोटभर प्यायल्या, आणि तिला वाटलं, आपण शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम लांब उभी राहिली. साती गाई वाडग्यातल्या चार घोटांकडे ढुंकूनही न बघता तिच्याकडे बघत उभ्या. एक गोष्ट त्या नक्की शिकल्या होत्या: पाणी ही बाई देते.

दुपार होता होता हंबरणं सुरू झालं. शेजारचे काका कुंपणाशी आले, हातात भली मोठी पक्कड घेऊन. त्यांच्या गाई कुंपणापलीकडच्या काठाने अजूनही नदीतच उतरत.

"पोरी, किती वेळ जीव घेणार आहेस मुक्या जनावरांचा? सरक. दोन मिनिटांत नदीकडचं फाटक मोकळं करतो."

"थोडा वेळ थांबा, काका."

"तू थांबशील गं. दूध थांबतं का? तहानलेली गाय आटली की बस मग हरी हरी करत."

"एकदा उघडलं की त्या पंपाकडे फिरकणारसुद्धा नाहीत."

"मग नको फिरकू दे! तुझ्या बापाचं वेड होतं ते, त्याच्याबरोबर गेलं. सात गाईंच्या शेणाने काय नदी बाटते? वरून काय काय सोडतात ते बघ जरा."

खरंच होतं ते. थोरलीने काठाकडे पाहिलं. अठरा वर्षांत घसरगुंडीची जागा लव्हाळ्यांनी घेतली होती. मुळांनी माती धरली होती. त्यांच्या कुंपणाच्या लांबीएवढ्या पट्ट्यात तळाचे खडे मोजता येत होते आणि खड्यांमधून बोटाएवढे मासे पळत होते. नदीच्या मानाने तो पट्टा म्हणजे हत्तीच्या तोंडात जिरं. पण तो तिच्या वडिलांचा होता.

"ऊन उतरेपर्यंत थांबा," ती म्हणाली. "तोवर नाही जमलं तर तुमची पक्कड आणि तुमचा हात."

काका कुंपणाच्या खांबाला टेकून बसले. त्यांना घाई नव्हती.

आई चहा घेऊन आली. तिने गाईंकडे पाहिलं, मग लेकीच्या मनगटांकडे.

"हाताने ढकललंस?"

"मग कशाने?"

"त्यांनीही पहिले दोन दिवस हातानेच ढकललं. नाकी नऊ आले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की गाईला हात नाही. तिला हात दाखवून काय उपयोग?" आईने कप तिच्या हातात दिला. "जन्मात त्या माणसाने कुणापुढे नाक घासलं नाही. घासलं ते ह्या लोखंडापुढे. मी लांबून पाहिलं, मला वाटलं, चक्कर येऊन पडले."

थोरलीला ते ठाऊक होतं. तिने स्वतः पाहिलं होतं, शाळेतून येताना, दोन मैत्रिणींबरोबर. गुडघे टेकलेला, तोंड वाडग्यात घातलेला माणूस आणि त्याच्याभोवती गाईंचा घोळका. मैत्रिणी हसून हसून लोळायच्या बेतात होत्या. "कोण गं तो?" एकीने विचारलं. "आमच्याकडचा गडी आहे," थोरली म्हणाली होती. तेवढ्यात वडिलांनी मान वर केली. त्यांनी ऐकलं की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तिने कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नव्हतं.

तिने कप खाली ठेवला आणि वाडग्यासमोर गुडघे टेकले.

लोखंडाला गंजाचा आणि शेवाळाचा वास होता. तिने नाक झडपेला लावलं आणि ढकललं. झडप हलेना. गाईचं नाक नुसतं नाक नसतं, त्यामागे अख्खी गाय असते. तिने खांद्यांचा जोर लावला. खट्ट. पाणी आलं ते थेट नाकपुड्यांत. ती ठसकली, शिंकली, डोळ्यांतून पाणी आलं.

आई हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. "सावकाश! ते काही पहिल्याच दिवशी एवढं प्यायले नव्हते."

खट्ट. खट्ट. ढकलायचं, दोन घोट प्यायचे, मान वर करायची. थोरली मनातल्या मनात मोजत होती, मग मोजायचं विसरली. गुडघ्यांखालची माती भिजली. मानेवर ऊन तापत होतं. कधीतरी त्या तापल्या मानेवर गरम श्वास आला. तांबडी होती, सातांतली सगळ्यात आगाऊ. तिने थोरलीचा कान हुंगला, केस चाटले, आणि मग, ही बाई एकटीच पितेय हे काही बरं नाही, अशा थाटात डोकं घालून तिला सरळ बाजूला लोटलं.

थोरली बसकण मारून पडली ती तशीच राहिली. तांबडीने तळाचं पाणी चाटून संपवलं. थोरलीकडे पाहिलं. थोरलीने हात पाठीमागे धरले. तांबडीने पुन्हा वाडगं चाटलं, आणखी आत, आणखी आत.

खट्ट.

तांबडी दचकून मागे सरली. मग पुढे आली. खट्ट. खट्ट. बाकीच्या सहा जणी माना उंचावून बघत होत्या.

काका उठले. पक्कड खिशात मावेना, म्हणून काखेत धरली.

"तुझ्या बापाला चार दिवस लागले होते," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"इथेच बसायचो की कुंपणावर. हसायला यायचो." त्यांनी पक्कड दुसऱ्या काखेत घेतली. "शेवटी शेवटी नुसताच यायचो. एका पंपावर किती गाई भागतात?"

"वीस आरामात."

"माझ्या गाई फार हट्टी आहेत."

"नाकं आहेत ना त्यांना?" आई म्हणाली.

काका निघाले. मात्र जाताना ते रस्त्याच्या फाटकावरून न जाता काठाकाठाने गेले, आणि एका ठिकाणी वाकून बराच वेळ पाण्यात बघत उभे राहिले.

संध्याकाळी थोरली दुधाचे कॅन घेऊन संकलन केंद्रावर रांगेत उभी होती. वजन करणाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "ताई, नाकाला काहीतरी लागलंय."

"गंज आहे."

"पुसा की. फडकं देऊ?"

"असू दे."

मागच्या माणसाने मान पुढे काढली. गृहस्थ नवा असावा, किंवा नजर अधू असावी. "नाकपंपाच्या कुरणात दिसलात दुपारी. तिथे कामाला असता काय?"

रांगेत कुणीतरी खाकरलं. थोरलीने कॅन काट्यावर चढवला, काटा स्थिर होऊ दिला आणि मग वळली.

"हो, कामाला असते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी नाकपंपाची मुलगी."