माझ्या अंगावरच्या अकरा चिठ्ठ्या

मी औषधांच्या कारखान्यातला एक जुना निळा ड्रम आहे. मी आयुष्यात कधीही खोटं बोललो नाही. मित्रांनो, ते काम माझ्या वतीनं इतरांनी चोख केलं.

नवा होतो तेव्हा माझ्यात शुद्ध द्रावक होतं, लोक मला जपून उचलत. ते संपल्यावर माझ्यात विषारी गाळ भरला आणि मला लाथेनं मागच्या शेडमध्ये सरकवलं. तिथं फक्त भांडारपाल येत. सगळे त्यांना डिंकमामा म्हणत, तोंडावरसुद्धा.

नियम असा, की घातक कचरा नव्वद दिवसांत जाळायला पाठवायचा. कारखान्याच्या साहेबांनी कबूल केलेली कचऱ्याची गाडी मात्र नेहमी पुढच्याच महिन्यात यायची. म्हणून दर एकोणनव्वदाव्या दिवशी मामा माझ्या पोटावर ताज्या तारखेची चिठ्ठी लावत. जुनी मात्र काढत नसत. सहीचा कागद फाडायचा नाही, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त. जुनीवर नवी, असं करत मी जवळजवळ अडीच वर्षं तान्हाच राहिलो.

मामांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना तपासनीस बाई आल्या. उन्हानं सुटलेल्या एका कोपऱ्याला त्यांनी नख लावलं आणि कांदा सोलावा तशा अकरा चिठ्ठ्या सोलल्या. डोळ्यांत पाणी मामांच्या आलं. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांचीच वळणदार सही होती.

साहेब म्हणाले, "मामा, हे काय करून बसलात?"

"तुम्हीच सांगितलंत, साहेब."

"लेखी आहे का?"

मामा बाईंकडे वळून म्हणाले, "कागद फाडला नाही, हा गुन्हा झाला का माझा?"

"नाही. तेवढीच एक गोष्ट तुम्ही नियमानं केलीत. म्हणून तर सापडलात."

खटला मामांवर भरला गेला. साहेब साक्षीदार झाले आणि मामांना ओळखतो एवढं कबूल केलं. मामा अजून कोर्टाच्या तारखांना येतात. येताना-जाताना मला एक लाथ घालतात. मी मनावर घेत नाही, पण बुडाशी चीर पडली आहे आणि गाळ ठिबकतो.

मित्रांनो, ड्रमला जपा. चिठ्ठीवर खरी तारीख घाला. आणि साहेबानं तोंडी काही सांगितलं, तर लिहून द्यायला त्याच्या हातात कागद द्या.

मी आता मुद्देमाल आहे. तपासनीसांच्याच कार्यालयामागे, कोर्टाच्या वाटेवर उभा असतो. निकाल लागेपर्यंत मला जाळता येत नाही. इथं मला चार वर्षं झाली.