शेनआजींचा गार नैवेद्य

ऐका पोरांनो, जरा जवळ या. तांब्याचं एक पोचे पडलेलं मोदकपात्र बोलतंय. हसू नका. भांड्यांनाही सांगण्यासारखं असतं. माणसांना ऐकायला सवड नसते, एवढंच.

मला घडवलं पुण्यात, त्र्यंबक तांबटांनी. शाळेत मी गेलो नाही, तेही गेले नव्हते. पण हातोडा असा मोजून मारायचे की एक घाव जास्त नाही, एक कमी नाही. मी तापून लाल झालो की म्हणायचे, "सोस बाबा थोडं, पुढं आयुष्यभर तुला वाफच सोसायचीय." खरं बोलले. खाली पाण्याचं पोट, मधे भोकाभोकांची चाळणी, वर घुमटासारखं झाकण. आतून चांदीसारखी कल्हई. असा मी सुमित्राबाईंच्या घरी आलो. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, तांदळाच्या मुलखातल्या. गणपतीत एकवीस मोदक एका दमात उकडायचो मी. लोक मोदकांचं कौतुक करायचे, सुमित्राबाई माझ्या पाठीवर थाप मारायच्या. दोघंही खूश.

मग २००१ साली त्यांच्या मुलाला, उल्हासला, अमेरिकेत नोकरी लागली. सिएटलजवळ बॉथेल म्हणून गाव आहे, तिथं. सुमित्राबाईंनी मला साड्यांत गुंडाळून त्याच्या बॅगेत घातलं. वाटलं, चला, आपणही परदेश बघू.

काय बघितलं? कपाट! उल्हासची बायको सुनेत्रा नागपूरची, पुरणपोळीवाली. तिनं इलेक्ट्रिकचा राइस कुकर आणला, त्याच्यावर वाफेची जाळी फुकट. झालं. मला कोटांच्या कपाटात टाकलं. माझ्या पोटात काय भरलं असेल? जुने चार्जर, संपलेल्या बॅटऱ्या आणि पिझ्झाची कुपनं. तीन वर्षं! बाहेर टीव्ही चालायचा, तो ऐकून इंग्रजी तेवढं शिकलो.

२००४ च्या जानेवारीत सुमित्राबाई सहा महिन्यांसाठी आल्या. कोट ठेवायला कपाट उघडलं आणि थबकल्याच.

"सुनेत्रा! हे माझं मोदकपात्र की कचऱ्याचा डबा?"

"आई, सॉरी, मी क्लीन करणारच होते. वेळच मिळत नाही हो."

"वेळ नाही म्हणे. चिंच आण. मीठ आण."

अस्सं घासलं मला! इंडियन स्टोअरची चिंच, पण हात तोच जुना. कल्हई मात्र जागोजागी उडाली होती. बॉथेलमधे कल्हई कोण करणार? सुमित्राबाई आत बोट फिरवत म्हणाल्या, "आपलंही असंच झालंय रे, वरून चकचकीत, आतून उडालेलं." मला फार बरं वाटलं. कुणीतरी बोललं माझ्याशी.

आता शेनआजी कोण, ते सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक चिनी कुटुंब राहायचं. मुलगा कामानिमित्त सारखा बाहेरगावी, सून लियान घरी, आणि नुकत्याच चीनहून आलेल्या त्याच्या आई, शेनआजी. आजी दक्षिणेकडच्या शाओशिंग भागातल्या, कालव्यांच्या आणि भातशेतीच्या मुलखातल्या. मागच्या शरद ऋतूत त्यांचे यजमान गेले. तेव्हापासून त्यांचं जेवण तुटलं होतं. दोन घास भात, वाटीभर पाणी, बस्स.

मार्च संपता संपता एक दिवस वरून धूर आला, अलार्म कोकलला, आगीचा बंब दारात. झालं होतं असं की आजींनी बांबूचा डबा वाफेला ठेवला, खालचं पाणी आटलं आणि डबा जळाला. बिल्डिंगच्या मॅनेजरनं दम दिला, पुन्हा असं झालं तर घर सोडावं लागेल. दुसऱ्या दिवशी लियान आमच्या दारात उभी. बोलली इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगतो.

"सुनेत्रा, तुमच्याकडे वाफवायचं भांडं आहे का? आणि तुमच्याच किचनमधे केलं तर चालेल? वर स्टोव्ह लावायची आईंना भीती वाटते."

"अगं, चालेल काय! पण करायचंय काय?"

मग लियाननं सांगितलं. वसंत लागता लागता त्यांचा एक सण येतो, छिंगमिंग. त्या दिवशी घरच्या गेलेल्या माणसांच्या कबरी झाडायच्या, दाराला विलो झाडाची डहाळी लावायची आणि खाणं पुढं ठेवायचं. कुठं काय, ते मुलखाप्रमाणं. आजींच्या भागात चिकट तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे करतात, आत लाल चवळीसारख्या डाळीचं गोड पुरण. हिरवा रंग येतो रानात उगवणाऱ्या एका कडसर पाल्यानं. लियान उत्तरेकडची, शान्सीची, गव्हाच्या मुलखातली. त्यांच्याकडे कणकेची छोटी पाखरं करून वाफवतात.

"आई माझ्या पाखरांना 'ब्रेड' म्हणतात," लियान म्हणाली.

सुनेत्रानं मराठीत सांगितल्यावर सुमित्राबाई खो खो हसल्या. "मीही हिच्या पुरणपोळीला पराठा म्हणते!"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम म्हणता?" सुनेत्रानं विचारलं.

"नाहीतर काय!"

हसणं ओसरलं तशी लियान म्हणाली, "पाला इथं मिळत नाही. आईंकडे एकच पुडी आहे. मागच्या वसंतात बाबांनी कालव्याकाठी स्वतः खुडलेला, आईंनी वाळवलेला. त्यांच्या हातचा तेवढाच उरलाय. त्यांच्या पहिल्या छिंगमिंगला तोच वापरायचाय. बिघडला तर..."

पोरांनो, आजवर मोदक फुटला तर दुसरा वळला जायचा. इथं दुसरा नव्हता.

शनिवारी दुपारी शेनआजी आल्या. बारीक चणीची बाई, निळा स्वेटर, हातात कापडी पुडी. लियान आधीच म्हणाली, "आमच्याकडे पुरणात डुकराची चरबी घालतात. पण आई म्हणाल्या, ह्यांच्या भांड्यात नको. तिळाचं तेल घातलंय." सुमित्राबाईंनी आजींचा हात दाबला. मी तर तेव्हाच त्यांचा झालो.

पाला भिजला, उकळला, ठेचला, पिठात मळला. हिरवागार गोळा झाला, ओल्या बांधासारखा वास. सुमित्राबाई बघत होत्या. "हात बघ बाईचा! उकड अशी मळावी." मग राहवलं नाही, एक पारी घेऊन कळ्या पाडायला लागल्या. शेनआजींनी हळूच त्यांच्या हातावर चापट मारली, आणि हवेत बोटानं गोल काढून दाखवला. गोल म्हणजे गोल!

"बरं बाई, तुझा नवरा, तुझा गोळा," सुमित्राबाई म्हणाल्या.

नऊ गोळे झाले. चाळणीवर केळीच्या पानाचे तुकडे, एशियन स्टोअरच्या फ्रीझरमधले. उरलेल्या जागेत लियाननं बिचकत चार पाखरं बसवली, डोळ्यांना काळे तीळ. आजींनी नुसतं बघितलं. मी जीव तोडून वाफ धरली. सगळीकडे सारखी, एक थेंबही गोळ्यावर पडू दिला नाही. झाकण काढलं तर नऊच्या नऊ चकचकीत, टम्म. त्र्यंबक तांबटांनी बघायला पाहिजे होतं!

लियाननं सुनेत्राला सांगितलं, "आता हे असेच गार होऊ देत. उद्या सकाळी बाबांच्या फोटोपुढं ठेवू. उद्या विस्तव पेटवायचा नाही, सगळं गार खायचं, ही जुनी रीत." सुमित्राबाई तेव्हा नातीला, आरोहीला, आंघोळ घालत होत्या. आणि सुनेत्रा सांगायला विसरली. इथंच घोळ झाला.

रविवारी सकाळी सुमित्राबाई उठल्या, न्हाल्या, माझं झाकण उचललं.

"अगं बाई! गार पडले की! नैवेद्य असा गार दाखवतात होय?"

मी ओरडायला पाहिजे होतं. पण भांड्याला तोंड मोठं, आवाज नाही. त्यांनी पाणी घातलं, शेगडी लावली, वर प्रत्येक गोळ्यावर चमचा चमचा साजूक तूप. सगळं मायेनं, बरं का. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. चिकट तांदूळ दुसऱ्यांदा तापला की धीर सोडतो. गोळे पसरले, एकमेकांना चिकटले, एकदोन ठिकाणी पुरण बाहेर आलं.

आरोही स्टुलावर चढून आत डोकावली. "आजी, इट्स मेल्टिंग!"

तेवढ्यात बेल वाजली. शेनआजी, हातात पांढरी ताटली. मागं लियान, यजमानांचा फोटो छातीशी धरलेला. लियाननं शेगडी बघितली, वाफ बघितली, आणि तोंडावर हात ठेवला. "आज विस्तव लावत नाहीत..."

सुनेत्रा धावत आली. "आई, काय केलंत! आज चूल पेटवायची नसते त्यांच्यात! माझीच चूक, मी सांगितलं नाही तुम्हाला."

सुमित्राबाईंचा चेहरा उतरला. खटकन बटण बंद केलं. "चूल पेटवायची नसते? अगं, आपल्या शीतळासप्तमीला नाही का... चाळीस वर्षं मी त्या दिवशी चूल पेटवली नाही, शिळं खाल्लं. आणि हिच्या दिवशी मीच पेटवली!"

शेनआजी खुर्चीवर बसल्या, माझ्यात बघत राहिल्या. मला ती नजर अजून आठवते. माझ्या पोटात त्यांच्या माणसाची शेवटची आठवण लगदा होऊन पडली होती.

सुमित्राबाई उठल्या. राइस कुकरची पिन काढली. मायक्रोवेव्हची काढली. टोस्टरची काढली. उल्हासचं कॉफीचं मशीन उचलून कपाटात ठेवलं. उल्हास डोळे चोळत आला.

"आई, चहा?"

"आज चहा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी पी. आज ह्या घरात काही पेटणार नाही."

उल्हासनं सुनेत्राकडे बघितलं. "यार, काय झालंय?" सुनेत्रानं डोळ्यांनीच गप्प केलं. पोरांनो, सुमित्राबाई म्हणजे सकाळी दोन कप चहा झाल्याशिवाय देवाशीही न बोलणारी बाई. ती शेनआजींच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी गार होत होतो. इतका सावकाश गार मी जन्मात कधी झालो नव्हतो.

बऱ्याच वेळानं शेनआजींनी हात घातला. लगद्यातला एक तुकडा घेतला, तळहातावर फिरवला. तूप होतं म्हणून हाताला चिकटला नाही. गोल झाला. दुसरा घेतला. सुमित्राबाईंनीही घेतला, घाबरत. ह्या खेपेला कळ्या नाहीत, नुसता गोल. नऊपैकी सात धड उभे राहिले. दोन गेले ते गेले.

मग शेनआजींनी बोटं हुंगली आणि लियानला काहीतरी विचारलं.

"विचारतात, हे घातलंय काय?"

"तूप," सुनेत्रा म्हणाली. "इथलं बटर आणून आईंनी घरी कढवलंय."

"इथलं? अमेरिकेतलं?" लियाननं आजींना सांगितलं. त्या हळू बोलल्या, आणि लियानचे डोळे भरले. "म्हणतात, बाबा ह्याच वसंतात इथं येणार होते. तिकीट काढलं होतं. अमेरिका बघायची फार हौस होती त्यांना. म्हणतात, असू दे. इथलं काहीतरी पोटात जाऊ दे त्यांच्या."

सुमित्राबाईंनी पदर तोंडाला लावला.

डेकवर पश्चिमेकडे तोंड करून फोटो ठेवला, कारण समुद्रापलीकडं तिकडंच चीन. ताटलीत पाच हिरवे गोळे. शेनआजी परत आत आल्या, माझ्यातून लियानचं एक कणकेचं पाखरू उचललं आणि ताटलीत अगदी मधोमध ठेवलं. लियान बघतच राहिली. आजींनी तीनदा वाकून नमस्कार केला, लियाननं केला, आमच्या लोकांनी हात जोडले. आरोहीनं सगळ्यांचं बघून दोन्ही केलं.

मग शेनआजींनी उरलेल्यातला एक गोळा घेतला, गार, आणि खाल्ला. पूर्ण. बोटं पुसली आणि दुसरं पाखरू घेतलं. तेही खाल्लं. शेपटीपासून डोक्यापर्यंत. लियान आत येऊन फ्रिजमागं उभी राहिली आणि तोंड दाबून रडली. सहा महिन्यांत सासूनं पहिल्यांदा पोटभर खाल्लं होतं, आणि तिच्या हातचं.

हे झालं त्याला चार वर्षं होतील. पुढच्या वसंतात लियानला नदीकाठच्या पायवाटेला तसलाच पाला उगवलेला सापडला. यजमानांच्या हातचा नव्हे, पण शेनआजी वास घेऊन "हाच" म्हणाल्या. आता दरवर्षी छिंगमिंगच्या आदल्या दिवशी मी वर जातो, गणपतीत खाली येतो. मधे एकदा सुमित्राबाई आणि सुनेत्रा मला विमानानं पुण्याला घेऊन गेल्या, का, तर कल्हईला! विमानतळावरच्या माणसानं विचारलं, हे काय? सुनेत्रा म्हणाली, "फॅमिली मेंबर." त्यानं शिक्का मारला. आता आतून पुन्हा चकचकीत आहे मी.

पोरांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी पडलेलं असेल. माळ्यावर, गॅरेजमधे, पोटात बॅटऱ्या भरून. काढा त्याला. चिंचेनं घासा, तापवा, वापरा, पोचा पडला तर पडू द्या. शेजारचं कुणी मागायला आलं तर हसून द्या. आणि दिल्यावर एक करा. त्यांचा दिवस कसा करायचा ते आधी विचारा, मग शेगडीला हात लावा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतंय.