फाशांपुढचा पुठ्ठा

मी पुठ्ठ्याचा आडोसा बोलतोय. नाटकातल्या मखमली पडद्याची ऐट माझ्यात नाही. कॉम्प्युटरच्या खोक्यातून मला कापलं, दोन घड्या घातल्या आणि सतरंजीवर उभं केलं. तरीही माझ्यामुळे एक माणूस दुखावला गेला, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म २००५ सालचा, हिंजवडीजवळच्या चांदे गावातल्या एका भाड्याच्या फ्लॅटमधला. मला कापणारा कौस्तुभ मूळचा परभणीचा, नोकरीला हिंजवडीत. दर रविवारी दुपारी तो आणि त्याचे मित्र सौरभ, जुईली एक खेळ खेळायचे. त्याला पट नाही की सोंगट्या नाहीत. कौस्तुभ एका राज्याची गोष्ट सांगायचा. डोंगर, राक्षस, ओस किल्ले. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे आणि आपण आता काय करतो ते सांगायचे. बेत जमला की फसला, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. कौस्तुभचे फासे आणि पुढची गुपितं कुणाला दिसू नयेत म्हणून मी मध्ये उभा असायचो.

माझ्या आतल्या बाजूला कौस्तुभने स्वतःसाठी चिठ्ठ्या डकवल्या होत्या. ‘खेळाडूचं म्हणणं तोडून टाकू नकोस, वाट दाखव.’ ‘गप्प बसलेल्याला आधी विचार.’ ‘फासा टाकण्याआधीच ठरव, हरला तर काय.’ ‘जे ठाऊक नाही ते ठाऊक असणाऱ्याला विचार.’ या शेवटच्या चिठ्ठीमुळेच बिरू आमच्यात आला.

कौस्तुभला गोष्टीत लांडगे आणायचे होते, आणि लांडगा त्याने फक्त चित्रात पाहिलेला. इमारतीमागच्या माळावर बिरू मेंढरं चारायचा. तो भरे गावचा, तिशीतला. कौस्तुभने त्याला गाठून विचारलं, लांडगा कळपावर येतो कसा?

“समोरनं येत न्हाई,” बिरू म्हणाला. “एक जण कुत्र्याला लांब नेतो. दुसरा मागनं शिरतो. आपुन कुत्र्याकडं बघत ऱ्हातो.”

पुढच्या रविवारी कौस्तुभने त्यालाच खेळायला बसवलं. मेंढरं त्या वेळेपुरती भावाच्या हवाली. बिरूने आपल्या माणसाचं नाव ठेवलं सिदू. सिदू म्हणजे राजाचा मेंढपाळ. तलवार नाही, हातात काठी. वर्षभरात या सिदूने दोन किल्ले सोडवले. सौरभ त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकेनासा झाला. गोष्ट संपली की बिरू ताठ मानेने जिना उतरायचा. मला ते फार आवडायचं.

मग एका पावसाळ्यात साथ आली आणि बिरूची नऊ मेंढरं आठवड्यात गेली. त्या रविवारीही तो खेळायला आला. गोष्टीत गाव नदी ओलांडत होतं आणि मागे राक्षसी लांडगे. सिदू म्हणाला, मी उतारावर थांबतो, तुमी पोरंबाळं घेऊन जावा. कौस्तुभने सांगितलं, अकरा किंवा वर आलं तर सिदू जगेल. हा फासा तो स्वतः माझ्याआड टाकणार होता.

त्याच वेळी बिरू पाणी प्यायला उठला. माठ कौस्तुभच्या पाठीमागे होता. फासा पडला. मी आतून पाहिलं, तीन.

“अठरा!” कौस्तुभ ओरडला. जुईलीने टाळ्या वाजवल्या.

बिरूने पेला माठावर ठेवला. “तीन आलंया,” तो म्हणाला.

कौस्तुभने फासा मुठीत झाकला. तो पुटपुटला, “बिरूभाऊ, तुमचं एवढं नुकसान झालंय. वाटलं, निदान इथं तरी...”

“याच्या आधी किती येळा?”

“चारदा.”

“ह्यांच्यासाठी?” बिरूने सौरभ-जुईलीकडे हात केला.

कौस्तुभने मान खाली घातली. “नाही. फक्त तुमच्यासाठी.”

“माझी मेंढरं गेली तवा कुणी आकडा बदलला न्हाई. ते सोसलं मी. पर हितं मी माझ्या हिमतीवर उभा हाय असं वाटायचं. ती बी तुमीच दिल्याली निघाली व्हय?” एवढं बोलून तो जिना उतरून गेला. त्या दिवशी मान ताठ नव्हती.

चूक कौस्तुभची, पण आडोसा माझाच ना. मी पाचही वेळा गप्प उभा राहिलो. मला स्वतःची लाज वाटली.

तीन रविवार बिरू आला नाही. चौथ्या रविवारी कौस्तुभ भरे गावात त्याच्या घरी गेला आणि त्याला घेऊन आला. आल्या आल्या कौस्तुभने मला सतरंजीवर आडवं केलं. “सिदूचा फासा पुन्हा टाकू. सगळ्यांसमोर,” तो म्हणाला.

“पुन्ना कशाला? तीन आलं व्हतं. तीनच धरा.” बिरू मांडी घालून बसला. “फकस्त तो मेला कसा, ते मला सांगू द्या.”

आणि त्याने सांगितलं. काठी मोडली तरी सिदू उतारावरून हलला नाही. मागचं शेवटचं कोकरू नदीपार झालेलं त्याने पाहिलं. मग त्याने डोळे मिटले. जुईली रडत होती. कौस्तुभ हात जोडून बसला होता.

त्यानंतर मला पुन्हा कुणी उभं केलं नाही. सगळे फासे माझ्या पाठीवर, उघड्यावर पडू लागले. आज २०१० साल आहे. कौस्तुभची बदली झाली, खेळ मोडला, मी जुईलीच्या कपाटावर धूळ खात पडलोय आणि एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. फार दिवस उरलेत असं वाटत नाही.

गोष्टी सांगणाऱ्यांनो, माझ्यासारख्याच्या आड गुपितं खुशाल लपवा, राक्षस लपवा. पण समोरच्याची हार लपवू नका. दया येते म्हणून तर मुळीच नको. सिदूनंतर बिरूने खेळायला एक जडीबुटी देणारी म्हातारी वैदू घेतली होती. ती दुसऱ्याच रविवारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, फासा एका आकड्याने कमी पडून मेली. बिरू खोखो हसला आणि म्हणाला, “ही मातूर जगली बी माझी, मेली बी माझीच!”