विषय: चहा

आमच्या परराष्ट्र खात्यात देशाची किंमत मजल्यावरून कळते. बलाढ्य देश पहिल्या मजल्यावर, गालिच्यावर. भांडखोर शेजारी दुसऱ्यावर. आणि ज्यांचं आपल्याशी काही वाकडं नाही ते सगळे चौथ्यावर, लिफ्टच्या मोटारीशेजारी. माझ्याकडे तिथलंच एक बेट होतं, नकाशावर बोट ठेवलं की झाकलं जाणारं.

त्या बेटाच्या राजदूतबाई वर्षानुवर्षं दर गुरुवारी दुपारी माझ्या खोलीत यायच्या. काम काहीच नसायचं. आमच्या मशीनचा बेचव चहा घ्यायच्या, गुडघ्याची तक्रार सांगायच्या, लिफ्ट कधी नीट होणार ते विचारायच्या आणि जायच्या. मला तर चैन पडत नसे. राजदूत नुसता चहा प्यायला येतो, यावर कुणी विश्वास ठेवेल का? कर्ज हवंय, धान्य हवंय, की मुलांसाठी शिष्यवृत्त्या? दर आठवड्याला मी नवा अंदाज बांधायचे आणि तो चुकायचा. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ताकाला आलीय आणि भांडं लपवतेय. काढेल एक दिवस." तेव्हापासून दर गुरुवारी मी घरात पाऊल टाकलं की आईचा प्रश्न ठरलेला, "निघालं का गं भांडं?"

मग जगात चुरस वाढली असल्याचा साक्षात्कार वरच्यांना झाला आणि नवे सचिव आले. माणूस हुशार, आणि त्यांचा प्रश्नही रास्त होता: सगळ्यांशी सारखंच गोड बोलत बसलो, तर नेमकं जपायचं कुणाला? उत्तर शोधायला त्यांनी देशांना गुण द्यायचं ठरवलं. व्यापाराला गुण, सैन्याला गुण, तंट्यालाही गुण. म्हणजे जो जास्त छळेल तो वर. माझ्या बेटाला शंभरात चार मिळाले. माझं टेबल बंद करून काम 'इतर' विभागात ढकलायचं ठरलं. शिवाय कुणाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून नियम निघाला, की विषय कळवल्याशिवाय परदेशी पाहुण्याला वर सोडायचं नाही.

त्या गुरुवारी मी गुणांच्याच बैठकीत अडकले होते. बाहेर आल्यावर स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, बाई येऊन गेल्या. विषय म्हणून त्यांनी 'चहा' लिहिलं, ते कॉम्प्युटरने घेतलं नाही. त्यांनी पुन्हा तेच लिहून पाहिलं, मुलीचे आभार मानले आणि परत गेल्या. मला फार वाईट वाटलं. नंतर मी फोन केले, पण बाई कामात आहेत एवढंच उत्तर मिळायचं, आणि गुरुवार रिकामेच जाऊ लागले.

अशात समुद्रमार्ग विभागाचा प्रस्ताव सगळ्या मजल्यांवर फिरला. एक बंदर काहीही करून मिळवायलाच हवं, नाहीतर प्रतिस्पर्धी ते घेईल आणि आपली जहाजं अडकतील, असं त्यात होतं. बंदराचं नाव मी दोनदा वाचलं. माझ्याच बेटावरचं! एकांनी बंदर पाहिलं होतं, दुसऱ्यांनी देश. बंदर देशातच असतं हे कुठल्याच मजल्याला सुचलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. सचिवांना जाऊन सांगितलं, तेव्हा ते आधी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, बंदर आणा, तुमचं टेबल राहील.

गुरुवारी दुपारी मी बाईंच्या दूतावासात गेले. दूतावास कसला, दातांच्या दवाखान्यावरच्या तीन खोल्या. बाहेरच्या बाकावर प्रतिस्पर्धी देशाचे दोन सुटातले गृहस्थ नकाशांच्या गुंडाळ्या मांडीवर घेऊन बसले होते. दार बाईंनीच उघडलं आणि हसून विचारलं, "विषय?"

सहज आले, असं म्हणता आलं असतं. जीभ वळेना.

"बंदर," मी म्हणाले.

त्यांनी मला आत नेलं आणि चहा दिला, आमच्यापेक्षा कितीतरी चांगला. इतक्या वर्षांचं कुतूहल मला आता आवरेना. "तुम्ही दर गुरुवारी का यायचात?"

"बघायला. मोठा शेजारी काही न मागता किती बसू शकतो ते." त्यांनी माझा कप पुन्हा भरला. "तुम्ही खूप वर्षं बसलात. मी घरी कळवत होते, बंदर कुणाला द्यायची वेळ आली तर यांना द्या. करार नको, शब्द पुरे."

"आणि आता?"

"आता तुम्हीही विषय घेऊन आलात. चहा झाला की बाकावर बसा, त्या दोघांच्या नंतर. भाव सगळ्यांना एकच सांगणार आहोत."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. मी बाकावर जाऊन बसले.

घरी पोचायला उशीर झाला. दार आईने उघडलं.

"निघालं का गं भांडं?"

"निघालं," मी म्हणाले. "माझ्याच पदराखाली होतं."